नांदूर मध्यमेश्वर : शरदातले पाहुणे – या हंगामाच्या नोंदी इथे टाका

कादवाकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांचा धागा दरवर्षी डिसेंबरात निघतो. थंडी पडते, पट्टकदंबांचे फोटो येतात, मग सगळे विचारायला लागतात, कधी जायचं, कुठे राहायचं. तोवर अर्धा हंगाम सरलेला असतो. म्हणून यंदा ऑक्टोबरातच धागा काढते आहे. माझ्या मते इथला सगळ्यात जिवंत महिना हाच. कोण येतंय, कोण नुसतं टेकून पुढे निघालंय, कोण रंग बदलतंय, हे सगळं याच दिवसांत चाललेलं असतं.

नव्या लोकांसाठी थोडक्यात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. शंभर वर्षं त्यात गाळ साचत गेला आणि त्यातूनच उथळ पाणी, बेटं, पाणकणसाची रानं तयार झाली. १९८६ साली पक्षी अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा (लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आल्या). रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टरांचं आहे.

आजची नोंद. सकाळी चापडगावच्या बाजूला होते. सप्टेंबरअखेरच्या पावसाने पाणी अजून भरपूर आहे, कडेचा चिखल जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे तुतवार, तुतारी, चिखल्या असे चिखलात चरणारे पक्षी तुरळकच. पण एक प्रसंग लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वारकरी, म्हणजे कूट, चांगले दोन-तीनशे असतील, पाण्यावर विखरून चरत होते. एकाएकी सगळे एकमेकांकडे सरकायला लागले. डोकी ताठ, पाय जोरात, आणि बघता बघता पाण्यावर एक काळी चटई झाली. दुर्बीण वर केली तर पाणकणसाच्या शेंड्यांवरून दलदली भोवत्या, हा शिकारी पक्षी, येत होता. या वर्षीचं पिल्लू असावं किंवा मादी. अंग गडद चॉकलेटी, डोकं आणि गळा मलईच्या रंगाचा. तो थव्यावर आला, पंख वर धरून हवेत थबकला आणि पाय खाली सोडले. खालून सगळ्या वारकऱ्यांनी एकदम पाणी उडवलं. तो वर झाला, फिरून आला, पुन्हा तेच. एक वारकरी थव्यापासून दहा-बारा हात बाजूला राहिला होता, भोवत्याचं सगळं लक्ष त्याच्याकडे. तो बिचारा बुडी मारायचा, वर यायचा, की भोवत्या डोक्यावर हजर. पाच-सहा बुड्यांनंतर वारकरी थव्यात घुसला आणि भोवत्या निघून गेला. भोवत्या आले म्हणजे हंगाम सुरू झाला असं मी धरते.

नोंद टाकताना तारीख, वेळ, साधारण कुठली बाजू आणि पाण्याची पातळी एवढं लिहाच. पातळी का, ते पुढे चर्चेत येईलच.

शिशिर_पुणे | ५ ऑक्टोबर, रात्री १०:२२

वर्णन आवडलं ताई. एक शंका. आम्ही पुण्याचे लोक भिगवणला जातो. तिथे ऑक्टोबरात उजनी काठोकाठ असते आणि पक्षी फारसे मिळत नाहीत. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तर पाणी उतरल्यावरच. मग नांदूरला आत्ता येण्यात खरंच अर्थ आहे का? पुण्याहून अंतर बरंच आहे म्हणून विचारतो.

कादवाकाठ | ५ ऑक्टोबर, रात्री १०:५१

शिशिर, अर्थ आहे. उजनी हे मोठं, खोल धरण. पाणी मागे हटून चिखलाचे पट्टे उघडे पडायला हिवाळा संपत यावा लागतो. नांदूरचा बंधारा मुळात उथळ, त्यात गाळाने आणखी उथळ झालेला. इथे बंधारा भरलेला असतानाही बऱ्याच भागात बदकाला मान खाली घालून तळाचं खाता येईल एवढंच पाणी असतं. पाणकणीस, कमळं, पाणवनस्पती वेगळ्या. त्यामुळे बदकं, पाणकोंबड्या, कमळपक्षी यांची सोय पावसाळा संपताच होते. चिखलावरच्या पक्ष्यांना मात्र थांबावं लागतं, ते खरं.

रोहितांसाठी यायचं असेल तर नका येऊ. ते इथे येतात, पण त्यांच्यासाठी भिगवणच बरं.

मांडवाखाली | ६ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

नमस्कार. मी इथलाच, बंधाऱ्यापासून जवळच आमची शेती. पक्ष्यांची पुस्तकातली नावं मला सगळी येत नाहीत, पण लहानपणापासून बघतोय म्हणून लिहितो.

पाणी यंदा जास्त आहे हे बरोबर. वरून गेट चालू होते बरेच दिवस. गढूळ पाणी आलं की मासे खाणारे कमी दिसतात, पाणी निवळलं की पाणकावळे पुन्हा भरतात. आता निवळायला लागलंय.

आमच्याकडं सध्या द्राक्षाची छाटणी चाललीय. छाटणी झाली, काडीला पेस्ट लावली की मांडव उघडाबोडका होतो, नुसत्या तारा आणि अँगल. त्या तारांवर सकाळी कोतवाल आणि चास, म्हणजे नीळकंठ, बसलेले असतात. खाली माणसं काम करतात, पालापाचोळा हलला की किडे उडतात आणि हे वरून उतरून उचलतात. माणसाला अजिबात भीत नाहीत. बागेत उभं राहून जेवढा जवळून चास बघितलाय तेवढा अभयारण्यात कधी बघितला नाही.

भोरड्या महिनाभरापूर्वीच आल्या. बाजरी उभी होती तेव्हा थव्यानं पडायच्या. आता बाजरी निघाली, तर दिवसभर माळाकडं जातात आणि सांजच्याला बाभळीवर उतरतात.

आणि एक सांगतो, मनावर घ्या. उसाच्या कडेनं पहाटे अंधारात एकटं चालत येऊ नका. बिबट्या आहे, नुसतं ऐकीव नाही. गाडी मुख्य रस्त्यानं आणा, उजाडल्यावर खाली उतरा.

अनघा_ठाणे | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१८

मांडवाखाली दादा, किती छान लिहिलंत. असंच लिहीत राहा.

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. मागच्या आठवड्यात येऊन गेलो. मनोऱ्यावरून बदकं दिसली, पण सगळी एकसारखी मळकट तपकिरी. पुस्तकात एक हिरव्या डोक्याचं, एक चॉकलेटी डोक्याचं, एक पांढऱ्या भुवईचं, आणि समोर मात्र सगळ्या माद्या! नर नंतर येतात का?

तलवारबदक | ६ ऑक्टोबर, रात्री ८:३३

अनघाताई, हा प्रश्न प्राथमिक नाही, ऑक्टोबरातला मुख्य प्रश्नच हा आहे. थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही पाहिलेल्यात नर होतेच. बदकांचा नर वीण आटोपली की भडक पिसं टाकून देतो. त्याच सुमारास उडायची मोठी पिसंही एकदम गळतात आणि काही आठवडे त्याला उडताच येत नाही. अशा वेळी लव्हाळ्यात दडून राहायचं तर मळकट तपकिरी अंगच कामाचं. या वेषाला इक्लिप्स म्हणतात. उडायची पिसं परत आली की पक्षी दक्षिणेकडे निघतो, पण रंगीत पिसं यायची बाकी असतात. म्हणजे मध्य आशिया आणि सायबेरियातून आपल्याकडे पोचतो तेव्हा नर अजून त्याच साध्या कपड्यांत असतो. रंग इथेच चढतो. बहुतेक जातींत नोव्हेंबर-डिसेंबरात, गार्गनीत तर त्याहूनही उशिरा.

तेव्हा सध्या रंग सोडा. बांधा आणि चोच बघा.

थापट्या चुकणं अवघड. चोच टोकाला रुंद, अंगाच्या मानाने अवाढव्य. चरतानाही वेगळा. चार-सहा जण एकामागे एक गोल फिरतात आणि चोच पाण्याला लावून गाळत राहतात. तलवार बदकाची मान लांब आणि बारीक, चोच राखाडी, शेपूट टोकदार. लांब सुई अजून आलेली नसली तरी एकूण आकार सडपातळच दिसतो. गडवाल बसलेला सामान्य वाटतो, पण उडाला की पंखाच्या मागच्या कडेला, अंगाजवळ, पांढरा चौकोन चमकतो.

खरी कसोटी गार्गनी आणि चक्रांग यांत, दोन्ही लहान. गार्गनीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा असतो. फिकट भुवई, डोळ्यातून गडद रेघ, गालावर आणखी एक गडद रेघ आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांगाचा चेहरा त्यामानाने कोरा, मात्र शेपटीच्या मुळाशी बाजूला एक फिकट रेघ दिसते. गार्गनीचा नर ओळखायचा तर तो उडेपर्यंत थांबा. इक्लिप्समध्येही त्याच्या पंखाचा पुढचा भाग निळसर राखाडी राहतो, तो लपत नाही.

आणि हळदीकुंकू बदक पाहुणं नाही, ते इथलंच, वर्षभराचं. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके. आधी ते पक्कं करा, मग तपकिरी गर्दीतून एक जात तरी वजा होते.

अनघा_ठाणे | ६ ऑक्टोबर, रात्री ८:५०

अहो केवढं सोपं करून सांगितलंत! माझे फोटो पुन्हा उघडून बसले आहे. गालावरच्या दोन रेघा स्पष्ट दिसतायत. गार्गनीच.

तलवारबदक | ६ ऑक्टोबर, रात्री ९:०२

असणारच. बदकांत सगळ्यात आधी तीच येतात, काही तर ऑगस्टअखेरीस.

गोदेचीलेक | ८ ऑक्टोबर, सायंकाळी ७:१५

आज सायंकाळी खाणगाव थडीच्या बाजूने. पाणी चार दिवसांपूर्वीपेक्षा किंचित खाली. काठावर ओल्या मातीची जेमतेम दोन हात रुंद पट्टी उघडी पडली आहे आणि तेवढ्यावर सुद्धा ठिपकेदार तुतारी, शेकाट्या, दोन टिटव्या, एक हिरवी तुतारी. पिवळे धोबी बरेच. कमळपक्षी आहेत, पण लांब शेपट्या गेल्या, आता ओळखायचे ते मानेच्या मागच्या सोनेरी छटेवरून. एका कमळपक्ष्याजवळ अजून पिल्लं होती. नर असावा, कारण त्यांच्यात पिल्लं बापच सांभाळतो.

सुगरणींचा पिवळा रंग उतरलाय. घरटी लोंबतायत, गजबज नाही.

चित्रबलाक अंदाजे तीस, मुग्धबलाक त्याहून जास्त. एक मुग्धबलाक गोगलगाय फोडत होता तो बराच वेळ पाहिला. चोच शिंपल्याच्या तोंडाशी लावतो, थोडं इकडून थोडं तिकडून, आणि गर सबंध बाहेर येतो. शिंपला तसाच पाण्यात पडतो.

तलवारबदक | ८ ऑक्टोबर, रात्री ९:४४

गोदेचीलेक, ती ठिपकेदार तुतारी पुढच्या वेळी दिसली की पाठीची पिसं नीट बघा. कडा स्वच्छ, ठिपके ठसठशीत आणि पिसं नवीकोरी असतील तर ते यंदाचं पिल्लू.

चिखलपक्ष्यांत प्रौढ आधी निघतात, काही तर जुलैअखेर-ऑगस्टात इथे पोचलेले असतात, तेव्हा त्यांच्या अंगावर झिजलेली जुनी पिसं दिसतात. पिल्लं मागून, सप्टेंबर-ऑक्टोबरात. बऱ्याच जातींत आईबाप पिल्लांना मागे ठेवून आधी निघून जातात. म्हणजे तो दोन-तीन महिन्यांचा जीव आईबापांशिवाय हिमालयाच्या पलीकडून या दोन हात चिखलापर्यंत आलेला असतो. मला पक्षिनिरीक्षणात याहून थोर काही वाटत नाही.

कादवाकाठ | ८ ऑक्टोबर, रात्री १०:१०

आणि तो दोन हात चिखल उघडा पडणार की बुडणार हे आपल्या हातात आहे. पाणी एका रात्रीत वर आलं की त्या पिल्लाचं ताट गेलं. पातळी लिहा म्हणते ती यासाठी.

दुर्बीण_मुलुंड | ११ ऑक्टोबर, रात्री १०:३०

आज ऑक्टोबर बिग डे, जगभर एकाच दिवशी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर याद्या भरतात तो. आम्ही चौघे पहाटे मुंबईहून निघून आलो. साडेनऊपर्यंत ठीक, नंतर ऑक्टोबरचं ऊन. पाण्यावर हवा थरथरायला लागते आणि स्कोपमधून सगळंच पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. दहानंतर लांबचं ओळखायचा प्रयत्न सोडून दिला आणि बाभळी-शेताकडे वळलो.

ठळक नोंदी: ऑस्प्रे एक, वाळक्या झाडावर मासा धरून. काळे आणि पांढरे शराटी दोन्ही, मोरशराटी मोठ्या संख्येने. चमचा पक्षी सहा-सात. जांभळ्या पाणकोंबड्या मोजायच्या सोडून दिल्या. एक पाणकोंबडी पाणकणसाचा कोंब उपटून पायाच्या मुठीत धरून खात होती, अगदी ऊस सोलून खावा तशी.

प्रश्न: माळाकडच्या तारेवर एक चास दिसला, पण डोकं, छाती, पोट सगळं फिकट निळं, पाठ तांबूस. छातीवर तो तपकिरी-गुलाबी रंग अजिबात नाही. हे काय?

तलवारबदक | ११ ऑक्टोबर, रात्री १०:४६

अभिनंदन! युरोपीय चास. आपल्या नेहमीच्या चासाचा गळा-छाती तपकिरी गुलाबी आणि त्यावर फिकट रेघा. तुमचं वर्णन चोख आहे. हा इथे मुक्कामाला नसतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात पश्चिम भारतावरून आफ्रिकेकडे जाताना थांबतो. काही दिवस किडे खाऊन अंगात चरबी साठवली की समुद्राकडे. डिसेंबरात येणाऱ्याला हा दिसणारच नाही.

मस्कतकर | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

धागा आवडीने वाचतोय, मूळ सिन्नरचा. युरोपीय चास आमच्याकडे ओमानमध्येही याच दिवसांत तारांवर दिसतो. सिन्नरच्या आणि इथल्या तारेवर एकच जात बसते हे वाचून फार बरं वाटलं. नोंदी चालू ठेवा.

गोदेचीलेक | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:०३

दसऱ्याला नीळकंठाचं दर्शन घ्यायला आजोबा आम्हाला शिवारात न्यायचे. तेव्हा हे दोन असतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता दोन्ही बघायची इच्छा आहे. दुर्बीण, जागा साधारण सांगाल का?

दुर्बीण_मुलुंड | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. शेत खासगी आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

शिशिर_पुणे | १८ ऑक्टोबर, रात्री ९:२५

कादवाकाठताईंच्या शब्दावर विश्वास ठेवून आलो, आणि येणं सार्थकी लागलं. बदकं कमीत कमी पाच जातींची, दोन दलदली भोवत्या, शिवाय माळावर एक फिकट राखाडी भोवत्या. शेकाट्यांचा मोठा थवा. एक कोल्हा उसातून निघून बांधावर उभा राहिला, आम्हाला बघून परत आत. पाण्याच्या कडेला वंचक बगळ्याने दिवड धरली होती. दिवडीने त्याच्या मानेला वेढे घातले, त्याने चोच झटकली, पुन्हा वेढे. गिळायला बराच वेळ लागला.

एक गोष्ट मात्र फार खटकली. आमच्या शेजारी मोठ्या लेन्सवाल्यांचा एक गट होता. बदकं बसलेली, शांत. यांना उडतानाचे फोटो हवे होते. आधी टाळ्या, मग एकाने दगड टाकला. थवा उठला, फिरून पलीकडे बसला. हे पुन्हा पुन्हा. बोललो तर म्हणाले, पक्षी उडणारच, त्यात काय.

कादवाकाठ | १८ ऑक्टोबर, रात्री ९:५८

शिशिर, तुम्ही बोललात हे फार चांगलं केलंत. ही बदकं काही दिवसांपूर्वीच हजारो किलोमीटर उडून आली आहेत. येताना अंगातली चरबी संपलेली असते, सध्या त्यांना फक्त खायचं आणि विसावा घ्यायचा आहे. भोवत्या आला की ती उडतातच, त्याला इलाज नाही. त्यावर माणसानेही उठवलं की खाण्याचा वेळ जातो आणि खाल्लेलं उडण्यात खर्च होतं. अभयारण्यात वन्यजीवाला डिवचणं कायद्यानेही गुन्हा आहे. असं दिसलं तर वनरक्षकांना किंवा तिथल्या गाइडना तिथल्या तिथे सांगा. गावातल्या मुलांनी गाइड म्हणून खूप कष्टाने शिकून हे काम उभं केलंय, ते ऐकून घेतात.

क्लिकक्लिक | १९ ऑक्टोबर, सकाळी ८:१२

मी फोटोग्राफर आहे आणि दगड टाकणं चूकच. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. उडता फोटो हवा असेल तर भोवत्याची वाट बघत बसावं. सकाळच्या दोन-तीन तासांत तो एकदा तरी थवा उठवतोच, आणि त्या फोटोत जे असतं ते टाळी वाजवून येत नाही. सूर्य पाठीशी घ्या, बसून राहा, पक्षी आपण होऊन जवळ येतात.

कादवाकाठ | १९ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

शंभर टक्के सहमत. तुमचा हा प्रतिसाद सगळ्या नव्या फोटोग्राफरांनी वाचावा.

मांडवाखाली | २९ ऑक्टोबर, रात्री ८:४०

दिवाळीच्या गडबडीत लिहायचं राहिलं. चार दिवस अवकाळी पाऊस झाला. सोयाबीन काढून ठेवलेलं भिजलं, द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवर रोगाची भीती, रात्रंदिवस फवारण्या. माणसं वैतागलीत.

पाणी पुन्हा चढलंय. गोदेचीलेक ताईंनी लिहिलेली काठाची पट्टी पाण्याखाली गेली. तुतारीवाले लहान पक्षी आता आमच्या शेतात, सोयाबीन निघालेल्या रानात पाणी साचलंय तिथं उतरलेत. काल मोजले, पन्नासाच्या वर होते. एक लांब सरळ चोचीचा, मोठा, लांब पायांचा पक्षीही होता, उडाला की शेपटीचं टोक काळं आणि पंखावर पांढरा पट्टा. तो कोण?

ऊसतोड अजून सुरू व्हायचीय. सुरू झाली की सरीत बिबट्याची पिल्लं सापडतात दरवर्षी कुठं ना कुठं. पिल्लू दिसलं की हात लावायचा नाही, तोड थांबवायची, वनखात्याला फोन. ते रात्री पिल्लं त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. शहरातल्या लोकांनी असं काही बघितलं तर फोटो काढायला गर्दी करू नये, आई जवळच असते.

तलवारबदक | २९ ऑक्टोबर, रात्री ९:१५

दादा, तो मालगुजा, काळ्या शेपटीचा गॉडविट. जगभर त्याची संख्या घटते आहे, म्हणून तो संकटाच्या उंबरठ्यावरच्या यादीत आहे. तुमच्या पाणी साचलेल्या रानात तो उतरला ही मोठी नोंद आहे. पिकाचं नुकसान झालं त्याचं मात्र फार वाईट वाटलं.

त्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा कडं दिसतं का, जमलं तर बघा. दिसलं तर पट्टीचा रंग, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली आणि वाचता आली तर अक्षरं, एवढं टिपून ठेवा. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) अनेक दशकं पक्ष्यांना कडी घालत आली आहे. आपण नोंद कळवली की तो पक्षी कुठे, कधी पकडला होता ते समजू शकतं.

गोदेचीलेक | २९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

पाण्याच्या पातळीचा विषय निघालाच आहे तर एक विचारते. जायकवाडीला पाणी सोडतात त्याचा इथे किती परिणाम होतो?

कादवाकाठ | २९ ऑक्टोबर, रात्री १०:२०

होतो, आणि पक्षिनिरीक्षकांनी हे समजून घ्यायला हवं. २०१४ च्या समन्यायी पाणीवाटपाच्या आदेशाप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा बघतात. तो ६५ टक्क्यांहून कमी असेल तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडावं लागतं. गंगापूर, दारणा यांचं पाणी गोदावरीने नांदूर मध्यमेश्वरवरूनच खाली जातं. म्हणजे तुटीच्या वर्षी, नेमके पक्षी स्थिरावत असताना, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरच्या दरम्यान इथून मोठा विसर्ग जातो. मराठवाड्याला पाणी मिळायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की पाण्याचं वेळापत्रक ठरवताना या पाणथळ जागेचा विचार कागदावर तरी यावा. सोडलेलं पाणी एकदम न येता टप्प्याटप्प्याने आलं तर काठावरच्या पक्ष्यांना सरकायला वेळ मिळतो.

यंदा जायकवाडी भरलेलं आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. यंदाचं चढलेलं पाणी पावसाचं.

मांडवाखाली | ३० ऑक्टोबर, सकाळी ६:२०

ताई, बरोबर लिहिलंत. आणि कालव्याचं आवर्तनही धरा. डावा-उजवा दोन्ही कालवे इथूनच निघतात. आवर्तन सुरू झालं की बंधाऱ्याचं पाणी खाली-वर होतं. आम्ही पाण्यात मोटारीची फुटबॉल (पाइपाच्या तोंडाचा फुटव्हॉल्व्ह) टाकतो त्यामुळं आम्हाला लगेच कळतं, दिवसाआड तीच जागा बघतो. पातळीची नोंद मी देत जाईन. मोटारीजवळ दगडी पायरी आहे, किती पायऱ्या उघड्या ते सांगतो.

तलवारबदक | ३० ऑक्टोबर, सकाळी ७:१०

दादा, याहून चांगली नोंद कुणी देऊ शकणार नाही. आपल्यापैकी बाकीचे रविवारचे पाहुणे. पायऱ्यांचा आकडा आणि पक्ष्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर दोन-तीन हंगामांत कुठल्या पातळीला कोण येतं हे आपल्याला स्पष्ट सांगता येईल.

अनघा_ठाणे | ६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

पक्षी सप्ताह सुरू झाला, ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. आमच्या शाळेत मुलांना तलवारबदक यांनी सांगितलेली बदकांची ओळख फळ्यावर चित्रं काढून शिकवली. सातवीच्या मुलांनी गार्गनी आणि चक्रांग बिनचूक ओळखले. खूप आभार.

क्लिकक्लिक | ८ नोव्हेंबर, दुपारी २:५०

आज सकाळी, चापडगाव. हवेत गारवा आलाय. तलवार बदकं वाढली, काही नरांच्या मानेवर पांढरी रेघ चढायला लागली आहे. थापट्याच्या एका नराचं डोकं अर्धं हिरवं, अर्धं तपकिरी. चक्रवाक चार, बेटावर. पट्टकदंब नाहीत, क्रौंच नाहीत. भोरड्यांचा थवा उगवतीला बाभळीवरून उठला, सबंध मिनिटभर उठतच होता. दलदली भोवत्या चार तरी. फोटो सवडीने टाकतो.

मांडवाखाली | ८ नोव्हेंबर, सायंकाळी ७:३०

सकाळी तीन पायऱ्या उघड्या होत्या, आता सांजला चार. पाणी उतरतंय. माझ्या रानातलं पाणी आटलं, मालगुजे गेले, बहुतेक परत बंधाऱ्यावर. पायाला कडं दिसलं नाही, नीट बघितलं.

कादवाकाठ | ८ नोव्हेंबर, रात्री ८:००

चार पायऱ्या म्हणजे खाणगाव थडीकडची पट्टी उघडी पडायला हवी. मी आणि गोदेचीलेक उद्या तिकडे जातोय. अजून कुणी येणार का? सव्वासहाला निफाडहून निघू. स्कोप एक आहे, दुसरा कुणी आणला तर बरं. फिके रंग घाला, पाणी आणि टोपी घ्या, नऊनंतर ऊन अजूनही लागतं.

शिशिर_पुणे | ८ नोव्हेंबर, रात्री ८:१९

मी नाशिकलाच आहे. येतो, स्कोप माझ्याकडे आहे.

मांडवाखाली | ८ नोव्हेंबर, रात्री ८:२५

या. परतताना चहाला घरी या सगळे. पायरी पण दाखवतो.